चिकटून राहणारे औषध : हिरडीच्या जेलच्या आठ ओळींवर भाष्य

प्रस्ताव

हिरड्या सुजल्या, घासताना रक्त आले, तोंड आले किंवा कवळीखाली लाली धरली, की सांडोरपासून वसई गावापर्यंतच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात एक छोटी ट्यूब हाती पडते. ट्यूबवर औषधाचे नाव ठळक असते, शेजारी त्याची टक्केवारी असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘जेल बेस’ एवढेच लिहिलेले असते. वाचली जाते ती वरची ओळ. हे भाष्य खालच्या ओळीची बाजू मांडण्यासाठी आहे. तोंड ही सतत धुतली जाणारी जागा. तिथे जंतुनाशकाचा उपयोग होतो की नाही, हे ते किती वेळ टिकते यावर आधी ठरते, आणि ते टिकवून धरण्याचे काम लेबलवर ज्यांचे नावही येत नाही असे घटक करतात. म्हणून ते घटक औषधाइतक्याच काळजीने वाचले पाहिजेत.

खालचा मूळ पाठ मी भाष्यासाठी बांधला आहे. घटक आणि प्रमाणे औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमी वापरतात त्यांतलीच आहेत. पाठ समजून घेण्यासाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही.

मूळ पाठ (100 ग्रॅम जेलसाठी)

1. मेट्रोनिडाझोल : 1 ग्रॅम
2. कार्बोमर, बेंझीनविरहित जातीचा : 1 ग्रॅम
3. हायड्रॉक्सीप्रोपिल मिथिलसेल्युलोज : 2 ग्रॅम
4. प्रॉपिलीन ग्लायकॉल : 10 ग्रॅम
5. मिथिल पॅराबेन 0.18 ग्रॅम, प्रॉपिल पॅराबेन 0.02 ग्रॅम
6. ट्रायइथेनॉलअमाइन : सामू 6.5 होईपर्यंत
7. शुद्ध पाणी : एकूण 100 ग्रॅम होईपर्यंत
8. वापर : जागा स्वच्छ व कोरडी करून दिवसातून दोनदा लावावे, अर्धा तास खाऊपिऊ नये, चूळ भरू नये.

ओळ 1 : मेट्रोनिडाझोल, 1 ग्रॅम

मेट्रोनिडाझोल दातांच्या उपचारात आले ते एका रुग्णामुळे. 1962 साली लंडनचे दंतवैद्य डी. एल. एस. शिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण कळवले. एका बाईंना योनीमार्गातल्या ट्रायकोमोनास संसर्गासाठी हे औषध चालू होते, आणि त्याच गोळ्यांनी त्यांच्या हिरड्यांचे तीव्र व्रणही भरून आले. कारण पुढे स्पष्ट झाले. मेट्रोनिडाझोल स्वतः निष्क्रिय असते. ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू त्याच्या रेणूतल्या नायट्रो गटाचे क्षपण करतात, त्यातून क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते जंतूचा डीएनए तोडतात. हिरडी दातापासून सुटून जी खोल फट पडते तिच्यात हवा पोचत नाही. तिथे राहणाऱ्या जंतूंवर म्हणून हे औषध नेमके लागू पडते.

शंका : मग गोळीच का देऊ नये? समाधान : संसर्ग पसरला असेल, ताप असेल, चेहऱ्यावर सूज असेल, तर गोळी द्यावीच लागते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. पण दोन-चार दातांपुरत्या दुखण्यासाठी 400 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली, की सगळे शरीर त्यात ओढले जाते. तोंडाला धातूची चव येते, मळमळते, आतड्यातल्या उपयोगी जंतूंचाही बळी जातो. अर्धा ग्रॅम जेलमध्ये औषध असते अवघे 5 मिलिग्रॅम.

शंका : एवढ्याशाने काय होणार? समाधान : इथे थोडे गणित करू. 1 टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम. या जंतूंना मारायला काही मायक्रोग्रॅम पुरतात. हिशेबासाठी 5 धरू. म्हणजे औषध गरजेच्या 2,000 पट आहे. अडचण प्रमाणाची नाही, वाहून जाण्याची आहे. हिरडीच्या फटीत एक द्रव सतत पाझरत असतो. 5 मिलिमीटर खोल फटीतला हा द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो, असा मॅक्स गुडसन यांचा हिशेब आहे. म्हणजे पाण्यासारखे पातळ औषध फटीत सोडले, तर दर मिनिटाला ते साधारण निम्मे होते. 10,000 वरून 5 वर यायला अकरा वेळा निम्मे व्हावे लागते. खेळ अकरा मिनिटांत संपतो.

आता औषधाची मात्रा दुप्पट करून पाहा. 1 टक्क्याऐवजी 2 टक्के घातले, तर अकराच्या जागी बारा मिनिटे मिळतात. औषध दुप्पट आणि लाभ एका मिनिटाचा. याउलट निम्मे होण्याचा काळ एका मिनिटावरून तीस मिनिटांवर नेला, तर तेच 1 टक्का औषध साडेपाच तास पुरते. पहिल्या ओळीचे यश असे पुढच्या ओळींच्या हाती आहे.

ओळ 2 : कार्बोमर, 1 ग्रॅम

औषध ओल्या अंतस्त्वचेवर धरून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. 1947 साली ट्रॅगाकांथ डिंक आणि कवळी बसवण्याची चिकट पूड यांत पेनिसिलिन मिसळून ते तोंडात लावण्याचा प्रयोग झाला होता. पुढे जपानमध्ये त्सुनेजी नागाई यांनी गालाला चिकटणाऱ्या गोळ्या घडवल्या, आणि अमेरिकेत जोसेफ रॉबिन्सन यांनी कोणते पॉलिमर किती घट्ट धरतात याची पद्धतशीर चाळणी केली. त्या चाळणीत पुढे राहिलेल्यांत ॲक्रिलिक आम्लाच्या साखळ्यांपासून बनलेले पॉलिमर होते. कार्बोमर त्याच घराण्यातला.

तो चिकटतो कसा? तोंडाच्या आतल्या त्वचेवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. त्यात बहुतांश पाणी, आणि त्या पाण्याला दाटपणा देणारी म्यूसिन नावाची शर्करायुक्त प्रथिने. कार्बोमर पाणी शोषून फुगतो, त्याच्या साखळ्या उलगडतात, म्यूसिनच्या साखळ्यांमध्ये शिरतात, आणि दोन्हींमध्ये हायड्रोजन बंध जुळतात. एकेक बंध कच्चा असतो, पण ते असंख्य असतात. कार्बोमरमध्ये वजनाने 56 ते 68 टक्के कार्बोक्सिलिक आम्लगट असतात. बंध जुळायला इतकी ठिकाणे असल्यामुळेच त्याची पकड मोठी.

या चिकटण्यात पाण्याचे माप नाजूक आहे. टपाल तिकिटाला जीभ कमी लावली तर ते चिकटत नाही आणि जास्त लावली तर डिंक वाहून जातो, तसेच इथे. साखळ्या उलगडण्याइतके पाणी हवे, त्या निसटतील इतके नको. आठव्या ओळीतल्या ‘कोरडी’ या शब्दाचे मूळ इथे आहे.

ओळीतला ‘बेंझीनविरहित’ हा शब्दही तपासून पाहावा. कार्बोमरच्या काही जुन्या जाती बेंझीन या द्रावकात बनत. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि औषधांतल्या अवशिष्ट बेंझीनसाठी मार्गदर्शक मर्यादा दशलक्षात 2 भाग इतकी कडक आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेंझीनमध्ये बनलेल्या कार्बोमरची औषधे नव्या जातीवर कशी न्यावीत याचे मार्गदर्शन काढले. जात बदलली, की जेलचा दाटपणा आणि पकड पुन्हा मोजून पाहावी लागते. ज्याला आपण ‘निष्क्रिय घटक’ म्हणतो त्याच्याकडे किती लक्ष द्यावे लागते, याचा हा धडा आहे.

ओळ 3 : हायड्रॉक्सीप्रोपिल मिथिलसेल्युलोज, 2 ग्रॅम

शंका : एक चिकट पॉलिमर असताना दुसरा कशाला? समाधान : कार्बोमर मिठाला भितो. त्याचा दाटपणा साखळ्यांवरच्या ऋण भारांच्या परस्पर प्रतिकर्षणावर उभा असतो. लाळेतले सोडियम, पोटॅशियम आणि विशेषतः कॅल्शियम ते भार झाकतात, साखळ्या आवळतात आणि जेल पातळ होते. सेल्युलोजपासून बनलेल्या या दुसऱ्या पॉलिमरवर भारच नसतो, त्यामुळे लाळेतल्या क्षारांपुढे तो बराच टिकाव धरतो. त्याची पकड कार्बोमरपेक्षा कमी, पण तो हळू विरघळतो आणि औषध बेताबेताने सोडतो. एक धरून ठेवतो, दुसरा थर टिकवतो. जोडीचे प्रयोजन हे.

शंका : या कामाला आपल्या मातीतले काही नाही का? समाधान : आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पांढुरक्या सालीचे कांडोळ हे झाड दिसते. त्याचा डिंक, म्हणजेच कराया गोंद, जगभर कवळी बसवण्याच्या पुडीत वापरला गेला आहे. दुसरा पदार्थ समुद्रकाठचा. कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया केली, की कायटोसान मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर मोठे काम केले आहे. कायटोसानवर धन भार असतो आणि म्यूसिनमधल्या सियालिक आम्लावर ऋण. म्हणून ही पकड विजातीय भारांच्या ओढीने बसते. शिवाय कायटोसान स्वतःही काही प्रमाणात जंतूंना रोखते. मात्र ते आम्लयुक्त पाण्यातच विरघळते, सामू 6.5 च्या वर गेला की साका धरू लागते. ज्या वसईच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलली की टरफले टाकून दिली जातात, तिथल्या विद्यार्थ्यांनी हा पदार्थ प्रयोगशाळेत हाताळलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

शंका : तोंडात बुरशी झाली असेल तर? समाधान : तर पहिली ओळच बदलावी लागते, कारण मेट्रोनिडाझोल बुरशीला मारत नाही. मधुमेही माणसे, रात्रीही कवळी न काढणारे वृद्ध, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरणारे, यांच्या तोंडात कॅन्डिडा फोफावते. महाराष्ट्राचे या क्षेत्रातले स्वतःचे देणे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. जंतूच्या नावात पिंपरी आहे. तोंडातल्या बुरशीवर ते वरून लावत असत. आजच्या घडीला चिकट औषधाचा चांगला नमुना म्हणजे 50 मिलिग्रॅम मायकोनाझोलची गोळी. अमेरिकेत तिला 2010 मध्ये मान्यता मिळाली. ती वरच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर दाबून बसवतात. दिवसातून एकदा, 14 दिवस. नुसते लावायचे थेंब दिवसातून चारचारदा लावावे लागतात; गोळी एकदाच, कारण ती जागा सोडत नाही.

ओळ 4 : प्रॉपिलीन ग्लायकॉल, 10 ग्रॅम

मेट्रोनिडाझोल पाण्यात 100 मिलिलिटरला जेमतेम 1 ग्रॅम विरघळते, म्हणजे आपली मात्रा अगदी काठावर आहे. थंडीत ट्यूबमध्ये खडे धरू नयेत म्हणून हा सहद्रावक. तो जेल वाळू देत नाही आणि पुढच्या ओळीतली संरक्षके विरघळवतो. मात्र उघड्या व्रणावर तो थोडा झोंबतो. म्हणून 10 ग्रॅमवर थांबलो.

ओळ 5 : दोन पॅराबेन

पाणी आणि सेल्युलोज एकत्र आले, की ट्यूबमध्येच बुरशी वाढण्याचा धोका असतो. मेट्रोनिडाझोल हवेत जगणाऱ्या जंतूंना रोखत नाही, म्हणजे औषध स्वतःचे रक्षण करू शकत नाही. ही दोन संरक्षके ते काम करतात. 0.18 आणि 0.02 ही जुनी, सरावाची जोडी आहे.

ओळ 6 : ट्रायइथेनॉलअमाइन, सामू 6.5 होईपर्यंत

या ओळीत ‘किती’ लिहिलेले नाही, ‘कुठपर्यंत’ लिहिले आहे. कार्बोमर पाण्यात भिजवला, की मिश्रण पातळ, गढूळ आणि आम्लधर्मी असते. त्यात हा अल्कली थेंबाथेंबाने घालत हलक्या हाताने ढवळायचे. काही क्षणांत गढूळपणा जातो आणि भांडे कलते केले तरी वाहणार नाही असे पारदर्शक जेल बनते. जोरात घुसळले तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि निघता निघत नाहीत. म्हणून भिजवलेले कार्बोमर आधी तासन्‌तास स्वस्थ ठेवतात.

इथे दुसऱ्या ओळीशी विरोध उभा राहतो. हायड्रोजन बंध जुळण्यासाठी आम्लगट आम्लरूपातच हवेत. रॉबिन्सन यांच्या कामात अशा पॉलिमरची पकड सामू 5 आणि त्याखाली सर्वांत चांगली दिसली. उलट जेल दाट होण्यासाठी तेच गट भारित व्हावे लागतात, म्हणजे सामू वर न्यावा लागतो. पकड हवी तर दाटपणा जातो, दाटपणा हवा तर पकड ढिली होते. शिवाय लाळेचा सामू 6.2 ते 7.4 असतो, आणि आम्लधर्मी जेल सुजलेल्या हिरडीला बोचते. 6.5 हा या तिन्ही गरजांमधला समझोता आहे. तिथे काही गट आम्लरूपात उरतात, पुरेसे भारित होतात आणि हिरडीही कुरकुरत नाही.

शंका : हिरडीच्या औषधांत क्लोरहेक्सिडिन प्रसिद्ध आहे, तेही यात का घातले नाही? समाधान : कारण या पाठात ते बसत नाही. क्लोरहेक्सिडिनवर धन भार असतो, कार्बोमरवर ऋण. दोघे एकमेकांना धरतात, साका बनतो आणि दोघांचेही काम बिघडते. ते घालायचेच असेल तर चिकट घटक भार नसलेला किंवा धन भाराचा निवडावा. क्लोरहेक्सिडिनचा मोठा गुण हा, की ते स्वतःच तोंडाच्या पृष्ठभागांना चिकटते आणि तासन्‌तास सुटत राहते. टूथपेस्टच्या फेसातला ऋणभारी घटकही त्याला असाच निकामी करतो. म्हणून पेस्टने घासल्यावर किमान अर्धा तास थांबून मग क्लोरहेक्सिडिनची चूळ भरावी. हा सल्ला दुकानात चिठ्ठीसोबत मिळायला हवा.

ओळ 7 : शुद्ध पाणी

वसईच्या पश्चिम पट्ट्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. विहिरीला खारेपणा आला की पानवेल आणि केळी काय होतात, हे इथल्या वाडीवाल्यांनी पाहिले आहे. कार्बोमरचेही तेच. तिसऱ्या ओळीत लाळेतल्या क्षारांबद्दल जे म्हटले ते पाण्यातल्या क्षारांनाही लागू आहे. मचूळ पाण्यात बांधलेले जेल ट्यूबमध्येच सैल पडते. म्हणून क्षार काढलेले पाणीच घ्यावे.

सात ओळींनंतरची परीक्षा

जेल चिकटते की नाही, हे मोजावे लागते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत त्यासाठी साधा तराजू वापरतात. खाटकाकडून शेळीच्या गालाचा आतला पापुद्रा ताजा आणतात, चरबी खरवडून काढतात आणि सामू 6.8 च्या द्रावणात ओला ठेवतात. एक तुकडा खालच्या ठोकळ्यावर ताणून बसवतात. वर पारड्याखालच्या काचेला जेलचा पातळ लेप देतात. दोन्ही टेकवून ठरावीक मिनिटे हलके वजन ठेवतात. मग दुसऱ्या पारड्यात पाणी किंवा वजने हळूहळू वाढवत जातात, आणि लेप ज्या क्षणी सुटतो ते वजन टिपतात. 20 ग्रॅमला सुटला तर बल 0.196 न्यूटन. सुटताना जेल कुठे तुटले हेही पाहावे. लेप दोन्हीकडे उरला, तर पकड चांगली आणि जेलच कच्चे. पापुद्रा स्वच्छ राहिला, तर पकडच बसली नव्हती. नुसता आकडा हे सांगत नाही.

ओळ 8 : वापर

ही ओळ कृतीचा भाग आहे, शेवटी जोडलेली सूचना नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि गिळली जाते. वरच्या सात ओळींनी जे कमावले ते एका चुळीत जाते.

‘स्वच्छ’ : दातावरचा थर म्हणजे जंतूंची चिवट वसाहत. मोकळ्या जंतूला जेवढे औषध मारते, त्याच्या कितीतरी पट औषध या थरातल्या जंतूला लागते. आधी दंतवैद्याकडून दात साफ करून घेणे हा मुख्य उपचार. फटीत सोडलेली जंतुनाशके त्यावर भर घालतात, तीही काही दशांश मिलिमीटरची. साफसफाई टाळून नुसती ट्यूब लावत बसणे म्हणजे आजार झाकणे.

‘कोरडी’ : बोटाला फडके किंवा कापूस गुंडाळून हिरडी टिपून घ्यावी. वाटाण्याएवढे जेल पुरते. चोळू नये, पसरून सोडावे.

‘लावावे’ : बोटाने लावलेले जेल हिरडीच्या कडेवर काम करते, 5 मिलिमीटर खोल फटीच्या तळाशी ते जात नाही. तिथे बोथट सुईने जेल सोडणे दंतवैद्याचेच काम. रक्त येत राहिले, दात हलू लागला किंवा पू दिसला, तर दुसरी ट्यूब आणू नये, दात दाखवावेत.

‘अर्धा तास’ : पान, तंबाखू, मिश्री यांनाही हे लागू आहे. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही किंवा तोंड उघडायला अडू लागले, तर जेल थांबवून तज्ज्ञाकडे जावे. तंबाखू आणि सुपारीच्या आपल्या प्रदेशात ही दिरंगाई जिवावर बेतते.

शंका : बरे वाटल्यावर मधेच सोडले तर? आणि शिल्लक ट्यूब पुढच्या वेळी वापरली तर? समाधान : दोन्ही टाळावे. जंतू मरतील त्याहून कमी औषध त्यांच्याभोवती बराच काळ रेंगाळले, तर तगून राहणारे निवडले जातात. चिकटणाऱ्या औषधाची जबाबदारी म्हणूनच मोठी. ते टिकेल तोवर त्याचे प्रमाण मारक पातळीच्या वर असले पाहिजे, आणि पुढचा लेप वेळेवर लागला पाहिजे. ‘दिवसातून दोनदा’ याचा अर्थ दोनदाच, आणि सांगितले तितके दिवस.

उपसंहार

आठ ओळींत औषधाची ओळ एक आहे. दोन ओळी त्याला धरून ठेवतात, चार त्या दोघींना सांभाळतात आणि शेवटची रुग्णाच्या हातात आहे. जिवाणूंवर लागू पडणारी औषधे दिवसेंदिवस कमी होत आहेत. हाताशी आहेत ती जागच्या जागी, पुरेशा वेळासाठी, कमीत कमी मात्रेत वापरणे हा एक प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो या धरून ठेवणाऱ्या घटकांवरून जातो. म्हणून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. उत्पादकांनी ट्यूबवर ‘जेल बेस’ न लिहिता पॉलिमरचे नाव लिहावे. औषधविक्रेत्याने ट्यूब देताना आठवी ओळ तोंडी सांगावी. आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी तो तराजू हाताळून, लेप कोणत्या क्षणी आणि कुठे सुटतो हे स्वतः पाहावे.